ब्रेक बसेपर्यंत

काल गॅरेजात जळक्या ब्रेकचा वास आला आणि साठ वर्षांपूर्वीचं आमचं तळेऱ्याचं अंगण आठवलं.

आत माझी जाऊ बाळंतवेणांनी तळमळत होती. सुईणीने हात टेकले होते. देवगडचा दवाखाना गाठायचा, तर ह्यांनी जळलेले ब्रेक बदलायला आपल्या टॅक्सीची मागची चाकं सकाळीच काढलेली. नव्या ब्रेकची स्प्रिंग बसता बसेना. ह्यांची बोटं रक्ताळली होती.

"चाकां चढवा नि तशीच काडा गाडी!" मी ओरडले.

"उतारार थांबाची नाय गो!"

तासाभराने निघालो. बाळ वाचलं, जाऊ गेली. वर्षभर मी ह्यांच्याशी धड बोलले नाही.

आज ह्यांचा तेव्हाचा चेहरा आठवताना कळतं, स्प्रिंग ओढताना ते रडत होते. मला तेव्हा तो घाम वाटला होता.