हाडक्या जेवत नाही

जानकीबाईचा आवाज हायवेनं घडवला. लाखनीत रस्त्याच्या कडेला तिचं आलुबोंड्याचं दुकान. समोरून ट्रक धडधडत जातात. त्यांच्यावरून गिऱ्हाइकाच्या कानापर्यंत पोचायचं तर नुसतं बोलून भागत नाही. लग्न होऊन आली तेव्हा ती म्हणे हळू बोलायची. हे तिचा नवरा नंदलाल सांगतो, आणि तो सांगतो तेही इतक्या हळू, की ऐकणाऱ्याला वाकावं लागतं.

"काय म्हनून राहिले?" कढईपलीकडून लगेच विचारणा होते.

"काही नाही."

"माह्याबद्दलच म्हनून राहिले न?"

"आवाज चांगला हाये म्हटलं."

"हो, मले माहीत नाही का तुमचं चांगलं!"

या बाईला एका गोष्टीचा मोठा अभिमान. तिच्या हातच्या खाण्याला कोणी नाही म्हणत नाही. एकादशीवाले येतात, तर त्यांच्यासाठी साबुदाणा. डॉक्टरांनी तेल बंद केलेले येतात, तर त्यांच्यासाठी कोरडे पोहे. "उपाशी नाही जाऊ देत मी कोनाले," असं ती छाती ठोकून सांगते. कोणाला म्हणजे माणसांना. कुत्र्यांशी तिचं जन्माचं वैर. ट्रेमध्ये तोंड घालतात, गिऱ्हाइकाच्या हातातला बोंडा पळवतात. त्यांच्यासाठी तिच्याकडे एकच शब्द होता, आणि तो पेट्रोलपंपापर्यंत ऐकू जायचा.

तरी यंदाच्या थंडीत दुकानामागच्या लाकडांच्या ढिगातून जे बाहेर आलं ते कुत्र्याचंच पिल्लू होतं. आई ट्रकखाली गेली होती. भावंडं कुठं पांगली कोणास ठाऊक. जानकीबाईनं त्याला मानेला धरून उचललं आणि थबकली.

"अजी, इकडे पाहा न. हे पिल्लू हाये का हाडकांची मोळी?"

नंदलालनं पाहिलं. सून रेणू धावत आली. "आई, ठेवून घेऊ न याले!"

"कायले? दुकानात कुत्रं?"

पण बोलता बोलता तिनं पदराचं टोक त्याच्याभोवती गुंडाळलंही होतं. संध्याकाळपर्यंत भट्टीजवळ खोकं आलं, खोक्यात पोतं आलं, आणि हाडकांच्या मोळीला नाव मिळालं, हाडक्या.

हाडक्या जेवत नव्हता.

दूधभात ठेवला, नाही. पेज ठेवली, नाही. उकडलेलं अंडं कुस्करून ठेवलं, नाही. जानकीबाईच्या बहिणीनं कारध्याहून नदीची बारीक मासोळी पाठवली. ती शिजवून, काटे काढून भातात कालवली. वासानं दोन गिऱ्हाइकं विचारायला आली. हाडक्या मात्र खोक्यातून उठायचा, नाक पुढं करायचा, शेपूट हलवायचा, आणि ताटलीशी येता येता मागं सरायचा.

"हाडक्या, खा न रे बाबू!" जानकीबाई.

"हाडक्याऽ, ये, ये, ये!" रेणू.

"ओय हाडक्या! खा ले बेटा, नहीं तो मैं खा जाऊँगा!" चहा पिणारा एखादा ड्रायव्हर.

जितक्या हाका, तितका तो पोत्यात खोल. मग ताटलीला मुंग्या लागायच्या, म्हणून ती उचलली जायची. रेणूनं मीठमिरच्या ओवाळून दृष्ट काढली. मिरच्यांच्या ठसक्यानं अख्खं दुकान खोकलं. हाडक्या शिंकला, पण जेवला नाही.

त्याच्या पोटात जायचं ते नंदलालच्या हातून. तो बिनसुईची पिचकारी घेऊन कोपऱ्यात बसायचा आणि चिमटीनं तोंड उघडून दूध सोडायचा. तेवढं पिल्लू गिळायचं.

"तुमच्या हातचं पिते," जानकीबाई म्हणाली. आवाजात चीड होती, खाली दुसरंच काही होतं. "माह्याच हातात काय खोट हाये?"

गुरांच्या डॉक्टरांनी पिल्लाला नीट तपासलं. ताप नाही, जंत नाहीत, दात ठीक, घसा ठीक. "पण बाई, पिचकारीवर हा फार टिकणार नाही. अंगात काही उरलेलंच नाही याच्या. त्यानं आपणहून खायला पाहिजे. नाही तर..."

परतीच्या ऑटोत हाडक्या जानकीबाईच्या मांडीवर झोपला. मधेच जागा होऊन त्यानं तिचं बोट चाटलं. बोटाला बेसन लागलेलं होतं. तिनं तोंड रस्त्याकडं वळवलं आणि डोळे पुसले. ऑटोवाला म्हणाला, "धूळ लय हाये न बाई?" तिनं नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गर्दी ओसरली होती. रेणूनं मासोळीभाताची ताटली ठेवली. हाडक्या उठला. एक पाऊल, दुसरं पाऊल. तेवढ्यात पलीकडून एका तांबड्या कुत्र्यानं बोंड्यांच्या ट्रेवर पंजे टाकले.

"हाऽड!" जानकीबाई गरजली.

तांबड्यानं कान पाडले, शेपूट पायात घातलं आणि तो मागं सरला. आणि भट्टीजवळ हाडक्यानंही कान पाडले, शेपूट पायात घातलं आणि तोही मागं सरला. एकाच वेळी, तालीम केल्यासारखे. झारा हातात धरून जानकीबाई दोघांकडं आळीपाळीनं पाहत राहिली.

"अव माय, आत्ता तर येऊन राहिला होता!" रेणू हळहळली. "हाडक्या, ए हाड..."

"चूप वं!"

"काय झालं आई?"

"त्याचं नाव घे. हळू घे."

"हाडक्या."

कान पुन्हा खाली.

जानकीबाई पाटावर मटकन बसली. "दुकानामांगंच जल्मला न तो. कान उघडले तवापासून काय आयकलं असन त्यानं? माहाच आवाज. हाड, हाड, हाड. मायले हाड, भावाले हाड. अन् मी मोठी नाव ठेवनारी!"

रेणूच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. "म्हंजे आपन त्याले..."

"जेवाले बोलावूनच नाही राहिलो वं. ताट वाढतो अन् हाकलतो. तो मांगं सरला, का अजून जोरात हाकलतो."

नंदलाल कोपऱ्यातून म्हणाला, "मी तर त्याले कधी हाकच नाही मारली."

"तुम्ही कोनाले मारता!" ती म्हणाली, पण कुजबुजत. तिचा कुजबुजता आवाज सुनेनं पहिल्यांदाच ऐकला.

मग तिघंही गप्प बसली. रेणूनं ओठ दाबले. जानकीबाईनं तर पदराचा बोळा तोंडाशी धरला. रस्त्यावरून ट्रक गेले. एक गिऱ्हाईक आलं, "बाई, दोन बोंडे, तर्री जास्त!" बाईनं डोळे वटारून हात असा हलवला की तो जागीच उभा राहिला.

हाडक्यानं पोत्यातून नाक काढलं. वाट पाहिली. कोणी काही म्हणालं नाही. तो ताटलीशी आला, एक शीत चाटलं, वर पाहिलं. आणि मग त्यानं तोंड घातलं ते ताटली सरकत सरकत भट्टीच्या पायाला जाऊन अडकेपर्यंत काढलं नाही.

"बाई, रडता काहून?" गिऱ्हाइकानं विचारलं.

"मिरची," ती म्हणाली.

आता तो दिवसातून चारदा जेवतो, पण अजून दचकतो. तो ताटलीवर असताना दुकानात तो शब्द निघत नाही. ही बातमी लाखनीतल्या बाकीच्या कुत्र्यांना कोणी सांगितली कळत नाही. जेवणाच्या वेळी तांबडा येतो, त्याच्यामागं एक लंगडी येते, तिच्यामागं आणखी कोणी. ओळीनं बसतात.

"जानकीबाई, हाकला न त्याइले!" लोक ओरडतात.

"हळू बोला जी," ती म्हणते आणि तांबड्यासमोर मोडका बोंडा ठेवते. "लेकरू जेवून राहिलं."