मार्थाच्या वहीतली वाक्यं

भूत, बाधा, करणी... यातल्या कशावरच माझा काडीचा विश्वास नव्हता. वडील कचेरीत, मी उमरखेडला इंग्रजीच्या शिकवण्या घेणारी. अंगात आलेली बाई घुमताना दिसली की मला हसू यायचं. म्हणून हे लिहायलाही इतकी वर्षं लागली.

कापसाचे ते वाईट दिवस होते. भाव नाही, म्हणून लोकांनी माल घरातच भरून ठेवलेला. अशात एका परदेशी संस्थेने ढाणकीजवळच्या एका गावात ट्रेनिंग सुरू केलं. नवे स्वयंसेवक पुढे समुद्रातल्या दूरदूरच्या बेटांवर जाणार, त्याआधी तीन आठवडे इथल्या घरांत राहून चूल, विहीर, परसाकडे जाणं, सगळ्याची सवय करायची. "इथे टिकले की कुठेही टिकतील," संस्थेचे साहेब माझ्यासमोरच म्हणाले. किळस आली, पण काम हवं होतं.

मी भाषेचा सराव घ्यायची. पुढे बेटावरची भाषा यायची नाही, म्हणून स्वयंसेवकांनी इथे कानावर पडेल ती मराठी न समजताही रोमन लिपीत जशीच्या तशी उतरवायची. संध्याकाळी मी वह्या तपासायची. साहेबांचा नियम एकच — ऐका, लिहा, मध्ये पडू नका.

मार्था ही साठीची निवृत्त नर्स शांताबाईंकडे राहायची. घरात नवरा-बायको दोघंच, तेही दिवसभर वावरात, कापूस वेचणीला. चौथ्या दिवशी तिच्या वहीत मी वाचलं — "पाणी दे वं शांते." शाबासकी दिली. पाचव्या दिवशी — "दार उघड वं. मुंग्या चावून राह्यल्या. डोळ्यात शिरल्या."

"हे कोण बोललं?"

"मागच्या खोलीतल्या आजी," मार्था म्हणाली. "रोज दुपारी सुरात काहीतरी म्हणताना ऐकू येतात. गाणं आहे का?"

मी तशीच वही घेऊन शांताबाईंकडे गेले.

"मागच्या खोलीत कोण असतं?"

"कोनी नाही मॅडम. कापूस हाय."

त्यांनी कुलूप काढून दाखवलं. जमिनीपासून आढ्यापर्यंत कापूस! माणूस सोडा, मांजर मावलं नसतं. आणि वास... शिळ्या लघवीचा, चिघळलेल्या जखमेचा. नाकाला पदर लावून मी वाक्यं वाचली. 'मुंग्या' ऐकताच शांताबाई उंबऱ्यावरच बसल्या.

"सासू होती माही. अर्धं अंग गेलतं तिचं. मागच्या वेचणीत याच खोलीत मेली."

"आणि दार?"

"कुलूप लावून जात होतो आम्ही. सरकत सरकत बाहेर येत होती ती. ओसरीत कापूस होता, त्याच्यात घाण केली असती त कोन घेतला असता?" मग खालच्या आवाजात, "संध्याकाळी आलो त मुंग्यायनं डोळे... पयले तिले धुतलं, मंग लोकायले बोलावलं. आम्हा दोघायशिवाय हे कोनालेच माहीत नाही मॅडम."

मी अंगणात जाऊन ओकले.

साहेबांना सांगितलं तर ते खूश! "न समजताही शब्द न् शब्द बरोबर उतरवला! म्हणजे आपली पद्धत चालते." त्यांनी मार्थाला दुसऱ्या घरी हलवलं. तिला मी सांगितलं, हो, जुनं गाणं आहे. तिने समासात तसं लिहूनही घेतलं. दुसऱ्या दिवशी मी काम सोडलं. साहेबांची किळस येत होती की स्वतःची, कळत नव्हतं.

भाऊ म्हणतो, शेजारणीने मुद्दाम बोलून दाखवलं असेल. पण शेजारणीला मुंग्यांचं कसं कळलं? मार्थाला तर मराठीचं अक्षर येत नव्हतं. कुणाचा आवाज होता तो?

पुढच्या वर्षी ढाणकीच्या बाजारात शांताबाई समोर आल्या. माझा हात घट्ट धरला.

"मॅडम, त्या गोऱ्या बाईनं तिले पाणी देलं होतं का?"

"हो," मी खोटंच म्हणाले.

त्या रडायला लागल्या. त्या हाताची मला शिसारी येत होती... तरी तो सोडवून घेता आला नाही.