वाढलेला उजेड

फोटो डोळ्याच्या आतला काढायचा आहे हे कितीदा सांगितलं, तरी मामा मिशीला रंग लावून, इस्त्रीचा सदरा घालूनच यायचे. "फोटो म्हणल्यावर मान्सानं मान्सासारखं दिसावं," म्हणायचे. वसमतच्या बसस्थानकाजवळ त्यांचं दाढी-कटिंगचं दुकान. मी दवाखान्यात डोळ्यांचे फोटो काढणारा आणि त्यांचं जुनं गिऱ्हाईक.

मशीनवर हनुवटी टेकवायला लावली की कुरकुरायचे, "मान धरायचं काम माझं, अन् तुमीच धरून राहिले." मग लेकरासारखे गप्प बसायचे.

त्यांना काचबिंदू होता. तुम्ही असा फोटो पाहिला असेल, तर तांबूस पडद्यावर नसेचं गोल तोंड आणि त्यात पांढरट खळगा दिसला असेल. नस मरत जाते तसा खळगा रुंदावतो. दर सहा महिन्यांनी जुन्या फोटोशेजारी नवा ठेवून आम्ही एवढंच बघतो.

एकदा ते दोन फोटो शेजारी पाहून मामा खुलले आणि काही न विचारता घरी गेले. पुढच्या खेपेला खळगा आणखी मोठा. डोळ्यांत औषधाचे थेंब घालता ना, असं डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाई. उजेड वाढून राहिला, फोटोत दिसला की. मंग थेंब काहून?"

मी चिडलोच. "मामा, तो उजेड नाही. तेवढी नस मेली. ती परत येत नाही."

त्यांनी फोटोतल्या खळग्यावर बोट ठेवलं. "म्हंजी हे पांढरं सारं गेलेलं हाय?" त्यांचा तो आवाज ऐकून मला फार वाईट वाटलं.

थेंब पुन्हा सुरू झाले, पण उशीर झाला होता. एका गिऱ्हाइकाच्या कानाला वस्तरा लागला आणि लोक पलीकडच्या दुकानात जाऊ लागले. मी जात राहिलो, पण खरं सांगतो, जीव मुठीत धरून. एके दिवशी अर्ध्या दाढीतच त्यांनी वस्तरा ठेवला. "तुमी भिऊन राहिले. हाताला कळतंय."

शेवटचे आले ते बायकोचा हात धरून. डॉक्टरांनी तपासलं आणि मला हळूच सांगितलं, यांचा फोटो आता काढू नका. बघण्यासारखी नस उरलीच नव्हती.

बाहेर बाकावर मामांनी विचारलं, "फोटो काहून न्हाई काढला?"

"आता गरज नाही, मामा."

त्यांच्या बायकोचा जीव भांड्यात पडला. "म्हंजी बरं झालं म्हना."

मामांनी चाचपडत तिचा हात धरला.

"व्हय," म्हणाले. "बरं झालं. चल."