बॅच नंबर सात

उत्तराकाकूंनी एकतीस वर्षं मोटारींच्या रंगांच्या लॅबमध्ये काढली. अमेरिकेतल्या ट्रॉयच्या रस्त्यावर शेजारून गाडी गेली की त्या अजूनही रंग बघतात, आत कोण बसलंय ते नाही. रंग दाट की पातळ, बोटाला गुळगुळीत लागतो की खरखरीत, यावर त्यांनी भल्याभल्या मॅनेजरांची बोलती बंद केलेली. अशा बाईला नातीच्या केसांनी जेरीस आणावं म्हणजे काय!

सावनी आठ वर्षांची. केस कमरेपर्यंत, कुरळे, आणि असे गुंतणारे की शाळेआधी रोज रडारड. बाजारातल्या एका बाटलीने डोकं खाजायचं, दुसरीने गुंता होता तसाच. शेवटी काकूंची लेक नेत्रा वैतागली. "आई, शनिवारी अकराची अपॉइंटमेंट घेतलीय. बॉयकट. विषय संपला."

नेत्रा आठ वर्षांची असताना काकूंनीही हेच केलं होतं. स्वयंपाकघरातल्या कात्रीने, कामावर जायला उशीर होतोय म्हणून. पोर रडलीसुद्धा नाही, नुसती जमिनीवरच्या वेण्यांकडे बघत बसली. नंतर तिने केस कधी वाढवलेच नाहीत. त्यावर मायलेकी कधी बोलल्या नाहीत.

"शुक्रवारपर्यंत वेळ दे," काकू म्हणाल्या. "नाही जमलं तर मीच तिला घेऊन जाते."

सोमवारी घरीच कंडिशनर करायचं म्हणून त्यांनी मेणासारखे पांढरे दाणे गरम पाण्यात वितळवून घुसळले. पहिली बॅच ताकासारखी पातळ. दुसरीत चमचा उभा राहिला. तिसरीत त्यांनी वाटीभर खोबरेल घातलं, कारण तेलाशिवाय केसांचं काही करायचं म्हणजे त्यांना जिवावर यायचं. पण ही लावून बघायची कुणावर? सावनी हात लावू देईना. काकूंचे स्वतःचे केस मऊ, त्यात गुंता होईल तर शपथ. नवऱ्याच्या, प्रतापकाकांच्या डोक्यावर तर मैदान!

मंगळवारी काकू सरळ रेखाच्या पार्लरमध्ये गेल्या. "झाडून टाकतेस ते केस मला दे ना. पिशवीभर. लांब असले तर बरं."

रेखाच्या हातातला झाडू तिथेच थांबला. "काकू, आज अमावस्या आहे."

"असू दे की. मी उपास करत नाही."

झालं! संध्याकाळपर्यंत महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बोभाटा: उत्तराकाकू केसांवर करणी करतात! गुरुवारी देवळात काकू दिसल्या तशी बायकांनी भराभर वेण्यांचे अंबाडे बांधले. मंडळातल्या सुलभाने तर आपली लांबसडक वेणी कोटाच्या आत कोंबली. काकूंना खरं म्हणजे राग यायला हवा होता. पण त्यांना इतकी गंमत वाटली की मुद्दाम सुलभाच्या मागे जाऊन बसल्या आणि आरती संपेपर्यंत तिच्या मानेकडे टक लावून बघत राहिल्या.

शुक्रवारी दुपारी सुलभा डबा परत द्यायच्या निमित्ताने टेहळणीला आली. स्वयंपाकघरात बघते तर दोरीला केसांचे झुबके टांगलेले, प्रत्येकाला चिठ्ठी: 'कुरळे', 'पांढरे', 'डाय केलेले'. ती तिसऱ्या झुबक्यापाशी थबकली, आणि किंचाळली.

"अगं बाई! हे माझे! मंगळवारीच ट्रिम केलेत!"

काकूंनी चष्मा वर केला. "तुझे? तू तर जास्वंदीच्या तेलाने काळे झालेत म्हणून सांगत असतेस."

सुलभाचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग काकूंनी तिला खुर्चीत बसवलं, चहा दिला आणि सगळं सांगितलं. तेलाच्या बॅचने केस भज्यासारखे तेलकट झाले होते. म्हणून तेल चमचाभरावर आणलं, सायट्रिक ॲसिड चिमूटभर टाकलं. आता बॅच नंबर सात. सुलभाच्याच झुबक्यातून त्यांनी फणी फिरवली. सुर्रकन खाली आली.

"ग्रुपवरचं मी मिटवते," सुलभा हळूच म्हणाली. "पण चिठ्ठीवरचं कुणाला बोलू नकोस हं. आणि एक बरणी मला."

शनिवारी दहा वाजता सावनी स्टुलावर बसली, डोळे घट्ट मिटून. काकूंनी ओल्या केसांना कंडिशनर लावलं, पाच मिनिटं थांबल्या, आणि टोकापासून वर वर विंचरत आल्या. नेत्रा गाडीची किल्ली घेऊन दारात उभी.

"आजी, व्हेन आर यू स्टार्टिंग?" सावनीने विचारलं.

"झालं सुद्धा, बाळा."

पोर आरशाकडे पळाली. नेत्राने फोन करून अपॉइंटमेंट कॅन्सल केली, किल्ली ओट्यावर ठेवली आणि रिकाम्या स्टुलावर पाठ करून बसली.

"आता मला लाव."

"तुझे एवढेसे केस. त्यात कसला आलाय गुंता?"

"नसू दे. लाव."

काकूंनी फणी बाजूला ठेवली. दोन्ही हातांनी लेकीच्या आखूड केसांना कंडिशनर चोळता चोळता त्यांना रडू आलं. "त्या दिवशी मी चुकले गं, नेत्रा. फार चुकले."

नेत्रा नाक ओढत म्हणाली, "हो, चुकलीसच. आता नीट लाव, कानामागे राहिलंय."