नकाशातली लाल सोसायटी

उन्हाळ्यात कुठल्या वस्तीला पाणी आधी कमी पडेल, याचा नकाशा बनवणाऱ्या संस्थेत पुनम काम करते. यंदा पुण्याजवळच्या पुनावळ्यातल्या बोअरवेलमधलं पाणी मोजलं आणि तिची स्वतःचीच सोसायटी लाल रंगात, म्हणजे सगळ्यात आधी पाणी आटणाऱ्यांत, आली. हे कळताच शेजारचे रविराजभाऊ घरी आले.

"ताई, फ्लॅट विकायला काढलाय. लाल रंग बघून कोण घेईल? नारिंगी करा ना."

"भाऊ, जो घेईल त्याच्या घरातही लहान मुलं असतील."

ते चहा न घेताच उठले. पुनमने नकाशा होता तसाच पाठवला. आता लिफ्टमध्ये तिच्याशी कुणी बोलत नाही. टँकरला उशीर झाला, की तिलाही वाटतं, आपलं मोजमाप चुकलं असतं तर बरं झालं असतं.