मावशींनी बाटली आधी उघडली

आमच्या कॉलेजात नखांचा कोर्स करायला येणाऱ्या प्रत्येकीला वाटतं, पहिल्याच दिवशी आपण कुणाच्या तरी नखावर गुलाब काढून घरी जाणार. मी त्यांना हात धुवायला शिकवते. दुसऱ्या दिवशी पुन्हा हात धुवायला शिकवते, कारण पहिल्या दिवशी एकीनेही साबण मनगटापर्यंत नेलेला नसतो. मग टेबल पुसणं, हत्यारं निर्जंतुक करणं, नख कुठून उगवतं, कातडी कुठे संपते, कुठलं नख दिसलं की रंगाला हात न लावता गिऱ्हाइकाला डॉक्टरकडे पाठवायचं. पहिला महिनाभर जेलच्या बाटलीचं झाकण उघडायचं नाही. दर वर्षी एखादी तरी तोंड वाकडं करून म्हणते, "मॅडम, आम्हाला डॉक्टर नाही व्हायचंय." मी म्हणते, "मग जा, आणि जाताना दार लावून घ्या." माझं बोलणं तिखट आहे, हे सगळ्या कॉलेजला माहीत आहे. पण दुसऱ्याच्या कातडीशी काम असतं, तिथे मला लाडीगोडी जमत नाही.

त्या वर्षीच्या वर्गात सगळ्या अठरा-वीसच्या मुली होत्या आणि एक बाई पंचेचाळिशीच्या पुढच्या. मुलींनी त्यांना पहिल्याच दिवशी मावशी करून टाकलं, मग मीही मावशीच म्हणायला लागले. मावशींचा सगळा जन्म एका टेलरच्या दुकानात काजं-बटणं करण्यात गेला होता. कोटाची काजं त्या हाताने घालायच्या. एका मापाचे, एका अंतराचे टाके. मग मालकाने काजं करणारं मशीन आणलं आणि मावशींकडे येणारे कोट कमी कमी होत गेले. प्रवेशाच्या वेळी मी त्यांना विचारलं, या वयात हेच का? त्या म्हणाल्या, "काज मशीन करतं मॅडम. नख अजून माणसालाच करावं लागतं ना?"

"लागतं," मी म्हटलं.

"मग मला घ्या."

मी घेतलं. पण एवढ्या पोरींत एकटं बसायची त्यांना लाज वाटत होती, म्हणून त्यांनी मुलीलाही सोबत ओढून आणलं होतं. मुलीला नखांचं काडीचं प्रेम नव्हतं. तिचा जीव अडकला होता तळमजल्यावरच्या वर्कशॉपमध्ये, जिथे फ्रिज आणि एसीची दुरुस्ती शिकवतात. तिच्या पर्समध्ये लिपस्टिकच्या जागी स्क्रूड्रायव्हर असायचा. आमच्या वर्गातला धूळ ओढणारा पंखा दोन वर्षं नुसताच घरघरत होता, तो तिने मधल्या सुट्टीत उघडून साफ करून चालता केला. मुली तिला 'पाना' म्हणायला लागल्या. तिला ते आवडायचं. आईशी तिचा सरळ करार होता. हे वर्ष आईच्या सोबतीचं, आईचं बस्तान बसलं की पुढच्या वर्षी ती खाली.

बस्तानाचीही तजवीज झाली होती. बस थांब्याजवळ एक लहानसं दुकान रिकामं होणार होतं. मालक मावशींच्या नवऱ्याच्या ओळखीतला होता. मावशींनी त्याला शब्द देऊन टाकला आणि टेलरच्या दुकानात सांगून आल्या, की आता माझी वाट बघू नका. नवरा घरी म्हणाला, "आधी शिक तरी." मावशी म्हणाल्या, "हात शिकलेलाच आहे. आता फक्त नख नवीन."

हात शिकलेला होता, यात मला शंका नाही. पहिल्या महिन्यात आम्ही प्लास्टिकच्या हातावर नुसतं पाणी लावून ब्रश चालवायला शिकवतो. मुलींचं पाणी कोपरापर्यंत ओघळायचं. मावशींचं नखाच्या कडेला केसभर आधी थांबायचं आणि तिथेच राहायचं. मी इतकी वर्षं शिकवतेय, असा हात मला दुसरा दिसलेला नाही. मी तोंडावर कौतुक करत नाही, तरी त्या दिवशी म्हणून गेले, "मावशी, तुम्ही आम्हा सगळ्यांच्या पोटावर पाय आणणार." मावशी लाजल्या आणि मुलींनी बाकं बडवली.

एकच खोड होती. शिवणकाम करणाऱ्या बायका दोऱ्याचं टोक सुईत जावं म्हणून ते बोटांच्या चिमटीत पिळून टोकदार करतात. मावशी ब्रशचंही तेच करायच्या. दोन नखं झाली की ब्रशचे केस अंगठ्यात आणि बोटात धरून एक पीळ. मी ओरडायचे, "मावशी, तो दोरा नाही! चिमूट सोडा!" त्या जीभ चावायच्या. पुढच्या नखाला बोटं पुन्हा आपोआप तिथेच. पाणीच होतं, त्यामुळे बिघडत काही नव्हतं, पण ती खोड मोडायलाच तर मी पाण्याचा महिना ठेवते.

जेल म्हणजे दिव्याखाली धरल्यावर टणक होणारा रंग. नीट टणक झाला की तो निरुपद्रवी. पण ओला किंवा अर्धाकच्चा असताना कातडीला पुन्हा पुन्हा लागला, की एखादीच्या अंगाला तो सोसेनासा होतो, आणि एकदा सोसेनासा झाला की कायमचा. सगळ्यांना होत नाही. कुणाला होईल ते आधी कळत नाही. शिवाय दिवा त्या बाटलीला साजेसा नसेल, तर रंग वरून टणक दिसतो आणि आत कच्चाच राहतो. हे सगळं मी तिसऱ्या आठवड्यात सांगते. त्या वर्षीही सांगितलं. मावशी पुढच्याच बाकावर बसून माना डोलवत होत्या.

महिना संपला, आम्ही बाटल्या उघडल्या. मावशींनी पहिल्याच दिवशी प्लास्टिकच्या हातावर पाचही नखं अशी केली, की मुली आपापली कामं टाकून त्यांच्या टेबलाभोवती जमल्या. मी विचारलं, "मावशी, आधी कधी केलंय?"

"छे हो मॅडम. कुठे करणार?"

आठवडाभराने त्या अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना पट्टी बांधून आल्या. म्हणाल्या, भांड्यांचा साबण बदललाय, तो लागला. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. दोन्ही पापण्या सुजून लाल झाल्या होत्या.

"मावशी, तुम्ही पापण्यांनी भांडी घासता का?"

वर्गात कुणीतरी हसलं. मावशी हसल्या नाहीत. त्यांच्या शेजारी बसलेली पाना एकदम म्हणाली, "आई, तू सांगतेस का मी सांगू?"

मग पानानेच सांगितलं. पहिल्या आठवड्यातच मावशींनी बाजारातून स्वस्तातला दिवा आणि बिननावाच्या दोन-तीन बाटल्या आणल्या होत्या. रोज दुपारी स्वयंपाकघरातल्या ओट्याशी बसून त्या स्वतःच्याच डाव्या हातावर सराव करायच्या. लावायचं, दिव्याखाली धरायचं, खरवडायचं, पुन्हा लावायचं. आणि दर दोन नखांनंतर ब्रशला चिमटीत एक पीळ. तिथे 'चिमूट सोडा' म्हणून ओरडायला कुणी नव्हतं. वर राहिलेला चिकट थर त्या बोटाने पुसून ओढणीला लावायच्या. पानाने एकदा म्हटलं होतं, "आई, मॅडमनी नाही सांगितलंय." त्यावर मावशी म्हणाल्या होत्या, "ते या पोरींसाठी. मी जन्मभर हातानेच कमावलंय, मला काय हात धुवायला शिकवतात."

मी पट्टी सोडायला लावली. बोटांची टोकं फुटली होती, बारीक बारीक पाणी भरलेले फोड होते. मला राग आला. पण ओरडायच्या आधी मी त्यांना कातडीच्या डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला, कारण हे काय आहे ते मला दिसत होतं.

कातडीच्या डॉक्टरांनी मावशींच्या पाठीवर चिकटपट्ट्या लावून तपासणी केली. वावडं नुसतं त्या बिननावाच्या बाटल्यांचं नव्हतं. जेल, कृत्रिम नखांची पावडर, त्या कुळातलं सगळंच त्यांना आता चालणार नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं, पुढे कधी दात भरायची वेळ आली तर आधी दातांच्या डॉक्टरला हे सांगायचं, कारण तिथेही त्याच जातीचा माल वापरतात. मावशी हे ऐकून सरळ माझ्याकडे आल्या. वर्ग सुटला होता. मी ब्रश पुसत होते.

"हातमोजे घालून केलं तर, मॅडम?"

"आपल्या पातळ मोज्यांतून ते आत येतं."

"मग जाड घालते."

"जाड मोजे घालून काज घालाल का?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मग म्हणाल्या, "नुसता साधा रंग लावला तर?"

साध्या रंगासाठी दुकानात कोण येतं? तो ज्याने त्याने घरी लावावा. आणि शेजारच्या खुर्चीवर जुनं जेल घासलं की धूळ उडते, तेवढ्यानेही पापण्या सुजतात. हे सगळं मला त्यांना सांगावं लागलं. मी माणसांना तोडून बोलते ते मला जड जात नाही. त्या दिवशी एकेक वाक्य जड गेलं. असा हात पुन्हा माझ्या वर्गात येणार नव्हता आणि तो फुकट गेला होता, एका महिन्याची घाई केली म्हणून.

टेलरच्या दुकानात त्यांची जागा उरली नव्हती. दुकानाला शब्द दिलेला होता. नवऱ्याने घरी काही बोलायचं टाळलं, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं, असं पाना मला म्हणाली. मग वर्ष संपत आलं तेव्हा एक दिवस तिने जिन्यात उभ्या उभ्या सांगितलं, "मॅडम, मी करणार आहे. आई बाहेरचं बघेल. फोन, वेळा, गिऱ्हाईक."

"आणि खाली?" मी विचारलं. खालच्या वर्कशॉपचे प्रवेश त्याच आठवड्यात सुरू झाले होते.

"खालचं काय, कधीही करता येईल," ती म्हणाली आणि वर्गात गेली. 'कधीही' म्हणणारी माणसं पुढे काय करतात, ते मला ठाऊक आहे. मी तिच्या मागे जाऊन काही बोलले नाही. माझी ती मुलगी नव्हती.

पाना पास झाली. हात वाईट नव्हता, फक्त त्यात जीव नव्हता. परीक्षेत तिने सगळं नियमाने केलं, एक पायरी चुकवली नाही. आईच्या चुकीने तिला तेवढं शिकवलं होतं.

दुकान उघडल्यावर काही महिन्यांनी मी मुद्दाम गेले. जागा छोटी पण लखलखीत होती. आत दोन खुर्च्या, एक दिवा, भिंतीवर रंगांच्या पट्ट्या. मावशी दुकानात नव्हत्या. काचेच्या दाराबाहेर फुटपाथवर एक खुर्ची टाकून त्या बसल्या होत्या, मांडीवर फोन. आत गेलं की अर्ध्या तासात डोळे बंद होतात, म्हणाल्या. बोटं बरी झाली होती. कातडी पातळ, चकचकीत, भाजून आल्यासारखी.

पानाने माझी नखं केली. कडा सरळ होत्या. बोलली कामापुरतं, "हात सैल सोडा," "दिव्याखाली धरा." शेवटी विचारलं, "बरोबर आहे ना, मॅडम?" मी म्हटलं, "बरोबर आहे." बरोबरच होतं. पंखा उघडताना हातभर ग्रीस फासून मोठ्याने हसणारी मुलगी कुठे गेली, हे मात्र मला विचारवलं नाही.

बाहेर आले तर मावशींनी मला शेजारच्या कट्ट्यावर बसवलं. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलल्या. मग काचेतून आत बघत म्हणाल्या, "माझे हात गेले त्याचं मला वाटतं, नाही असं नाही. माझ्याच करणीने गेले, कुणाला बोल लावू? पण मॅडम, ही माझ्याकडे येऊन म्हणाली होती, 'आई, मी करू ना मग?' विचारलं होतं तिने. माझ्या तोंडात 'नको' आलं होतं. अगदी ओठावर. पण दुकान हातचं जाईल म्हणून मी 'कर' म्हटलं."

"मग आता सांगा. अजून काही बिघडलेलं नाही. पुढचे प्रवेश होतील."

"सांगितलं काल. म्हटलं, सोड हे, जा तुझ्या मशीनकडे, मी बघते काय करायचं ते."

"मग?"

"म्हणाली, राहू दे गं आई. आता सवय झाली."

मावशी रडत नव्हत्या. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. त्यांनी उठून तिच्यासाठी दार उघडलं, ती आत गेल्यावर दार नीट लावून घेतलं आणि पुन्हा बाहेर खुर्चीवर येऊन बसल्या.