दुभाष्याची गल्ली

गल्लीत त्याला सगळे दुभाष्या म्हणायचे. दोरखंडांचा कारखाना बंद पडला तेव्हा बाकीचे पुरुष पायऱ्यांवर बसून नशिबाच्या नावानं बोटं मोडत होते, आणि हा पठ्ठ्या बंदरावर उतरणाऱ्या परदेशी पाहुण्यांच्या मागं फिरत त्यांचे शब्द तोंडात घोळवत होता. बायको वैतागायची, "अहो, झोपेत तरी आपल्या भाषेत बडबडा! शिव्या देता की लाड करता, काही कळत नाही मला."

पण त्या बडबडीनंच गल्लीचे दिवस पालटले. समुद्राकडं उतरणारी ती दगडी पायऱ्यांची गल्ली पाहुण्यांना आवडली. दोर वळणारे हात पिशव्या विणू लागले, आणि त्या पिशव्या सातासमुद्रापार गेल्या. गळकी छपरं दुरुस्त झाली. मुली शिकल्या. दुभाष्याची लेक परिचारिका होऊन दुसऱ्या शहरात नोकरीला लागली.

समोरच्या घरात आक्का राहायची. रक्ताचं नातं काही नव्हतं, पण त्याच्या बायकोला तिच्यावाचून दिवस जायचा नाही. एकीनं कांदा चिरला की दुसरीच्या डोळ्यांत पाणी. माजघरातली खोली पाहुण्यांना द्यायला आक्काला त्यानंच तयार केलं. मग दलाल आला. खोली नको, अख्खं घर द्या म्हणाला. त्याचं बोलणं दुभाष्यानंच तिला समजावून सांगितलं. आक्काच्या मुलानं त्या भाड्यावर गावाबाहेर फ्लॅट घेतला आणि आईला घेऊन गेला. तिचं बघून दुसरं घर गेलं, तिसरं गेलं. शेवटी गल्लीत राहतं घर म्हणून दुभाष्याचं एकट्याचंच उरलं.

"बुडालेली गल्ली वर आली, ते बघ ना," तो बायकोला म्हणायचा.

"आली हो. पण मी बोलू कुणाशी? काल त्या गोऱ्या पोराला विचारलं, जेवलास का रे? त्यानं माझा फोटो काढला."

तो हसला. तीही हसली. आणि विषय तिथंच राहिला.

त्या दुपारी तो एका गटाला दीपगृह दाखवत होता. घरी परतला तर आक्काच्या जुन्या दारात घोळका. उंबऱ्यावर एक परदेशी तरुणी बसली होती आणि तिच्या मांडीवर त्याच्या बायकोचं डोकं होतं. रुग्णवाहिकेची माणसं उशिरानं पायऱ्या चढून आली होती, आणि आता मान खाली घालून उभी होती. पोरीनं फोन केला होता, पण गल्लीचं नाव तिला नीट सांगताच आलं नव्हतं.

ती रडत रडत तिच्या भाषेत त्याला सांगू लागली. बाई छाती धरून आली. दोन्ही हातांनी दार वाजवलं. मी पाणी दिलं, हात धरला. ती सारखी एकच शब्द म्हणत होती.

"कोणता?"

"आका," ती म्हणाली. "आका, आका. म्हणजे काय?"

"मोठी बहीण," त्यानं तिच्या भाषेत सांगितलं.

"मग कुठं आहे तिची बहीण?"

दुभाष्याला उत्तर येत होतं. चार भाषांत येत होतं. पण त्यानं खाली बसून बायकोचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं.

संध्याकाळी जुने शेजारी धापा टाकत पायऱ्या चढून आले. बसायचं कुठं? त्यांच्याच घरांना आकड्यांची कुलपं होती. बायका भिंतींना टेकून उभ्या राहिल्या. आक्का आली ती थेट मढ्यावर कोसळली. "अगं, मी मेले नव्हते! एक हाक तरी मारायचीस मला!"

मग त्याचा दंड धरून तिनं विचारलं, "भाऊ, जाताना काही बोलली का रे ती?"

"नाही," तो म्हणाला. "काहीच नाही बोलली."

लेकीनं त्याला आपल्याकडं नेलं, पण तिथं त्याचं मन रमेना. तो परत आला आणि कामालाही लागला. पाहुण्यांवर त्याचा राग नव्हता. त्या पोरीनं परक्या बाईला मांडीवर घेतलं होतं, हे तो कधी विसरला नाही. आक्काला मात्र त्यानं एकदा विचारून पाहिलं, "येतेस का परत?"

"कशी येऊ रे? पोराच्या फ्लॅटचे हप्ते त्याच भाड्यावर चालतात."

आता सुट्टीच्या दिवशी तोच तिच्याकडं जातो. ती चहा टाकते. दोघं मेलेल्या बाईच्या गोष्टी काढतात, तिच्या रागाची, तिच्या विसराळूपणाची नक्कल करून हसतातही. आणि हसता हसता आक्का पदरानं नाक पुसते आणि म्हणते, "शेवटच्या घडीला मी काही तिला आठवले नसेन."

तो कपाकडं बघत राहतो. चहा गार होतो.